गाण्यातून निघालेला प्रश्न



गेल्या रविवारी मिस्सानंतरच्या अभ्यासवर्गाची सुरुवात आम्ही 'पराधीन आहे जगती' या गाण्याने केली. नंतर एका ज्येष्ठ धर्मबंधूंनी विचारले, "फादर, चर्चच्या हॉलमध्ये गीतरामायण कशाला?"

प्रश्न रास्त आहे. संत पौलाने अथेन्सच्या लोकांशी बोलताना त्यांच्याच कवींचा आधार घेतला होता (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७). गदिमा आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीते १९५५-५६ मध्ये आपल्या पुणे आकाशवाणीवरूनच प्रसारित झाली. पुण्यात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाच्याही कानात ती बसली आहेत.

मात्र गाणे म्हणजे गळाला लावलेले आमिष नव्हे. ते लावले तर त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यायला हवे. भरत चित्रकूटावर रामाला परत न्यायला येतो. राम त्याला समजावतो, की माणूस स्वाधीन नाही. जे घडले त्यात कैकेयीचा दोष नाही, पित्याचाही नाही, ही दैवगती आहे. माणसासाठी तिथे योजलेला शब्द ऐकून आपल्याला 'मानवपुत्र' आठवतो खरा. पण म्हणून गदिमांच्या मनात येशू होता असे कोणी म्हणू नये.

येशूही गेथशेमाने बागेत नमला. पण नमण्याआधी त्याने प्याला दूर करण्याची विनंती केली. समोर पिता होता, म्हणून विनंती करता आली. दैवाला कोण काय विनवणार? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नियती आणि ईश्वरी योजना यांतला फरक आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता.

तो फरक त्या दिवशी वर्गातल्या एका मातेने आम्हांला शिकवला. तिचा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. ती म्हणाली, "फादर, दोष कुणाचाच नाही म्हटलं की रात्री झोप लागते. पण मग मी क्षमा कुणाला करायची?"

वर्ग गप्प झाला. आम्हीही. क्रूसावरून येशूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. ते अजाण होते असे तो म्हणाला, निर्दोष होते असे म्हणाला नाही. दोषच नसता तर क्षमेची गरज कसली? हे त्या माउलीला तिथल्या तिथे सांगण्याचा धीर मात्र आम्हांला झाला नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर लूककृत शुभवर्तमानाचा २३ वा अध्याय उघडून तिथूनच पुढे जाऊ. बायबल आपापले आणावे. गाणे आम्ही लावू.