गावतलाव आणि परदेशी वनस्पती : परिसर अभ्यासाचा एक पाठ

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा मुलूख तलावांचा आहे. येथील कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी बांधून पावसाचे पाणी अडविले आणि त्यावर धानाची शेती उभी केली. इ. स. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली व या तलावांची मालकी बदलली. आज लोक त्यांस ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे म्हणतात. गाळ, अतिक्रमण आणि परक्या वनस्पती यांमुळे त्यांपैकी अनेकांची दुर्दशा झाली आहे. प्रस्तुत पाठ यांतील तिसऱ्या कारणाविषयी आहे. तथापि ज्या गावाला तळे आहे अशा कोणत्याही शाळेत तो घेता येईल.

दोन वनस्पतींची ओळख विद्यार्थ्यांस अवश्य करून द्यावी. पहिली जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळ्या फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली. पुढे तिने तेथील जलमार्ग व भातखाचरे इतकी व्यापली की, इ. स. १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दुसरी बेशरम. हीदेखील दक्षिण अमेरिकेतीलच; कुंपणासाठी लावली गेली आणि तलावांच्या काठी पसरली. तोडलेली कांडी ओल्या मातीत पडली की पुन्हा रुजते. हिचा पाला विषारी असल्याने गुरे सहसा तिच्या वाटेस जात नाहीत. लोकांनी दिलेले नाव अगदी यथार्थ आहे!

जलपर्णीचा फैलाव किती झपाट्याने होतो हे शब्दांनी सांगण्यापेक्षा गणिताने शिकवावे. अनुकूल परिस्थितीत तिचे क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. पाच एकरांचा, म्हणजे २०० गुंठ्यांचा तलाव घ्यावा. वहीत २०० चौकटी आखवून प्रारंभी एकच रंगवावी व दर दोन आठवड्यांस रंगविलेल्या चौकटी दुप्पट कराव्यात. आठ आठवड्यांनी १६ चौकटी भरतात. तलावाचा दहावा हिस्साही व्यापलेला नसतो, आणि गावात कोणास काळजी वाटत नाही. चौदाव्या आठवड्यास १२८ चौकटी होतात. सोळावा आठवडा संपण्यापूर्वी कागदावर कोरी चौकट उरत नाही. ‘हे काम कोणत्या आठवड्यात हाती घ्यावयास हवे होते?’ हा प्रश्न येथे विचारावा. उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. शिक्षकांनी घाई करू नये.

यानंतर पाण्याकडे वळावे. जलपर्णीचा थर दाटला म्हणजे सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही व हवेतील प्राणवायू पाण्यात पुरेसा मिसळत नाही. कुजणारी पाने उरलेला प्राणवायूही खर्च करतात. मासे गुदमरतात, आणि मासेमारीवर पोट असलेल्या ढीवर कुटुंबांची चूल थंडावते. परंतु जलपर्णी माजते ती का? सांडपाणी, शेण, साबणाचे पाणी व शेतातून वाहून येणारे खत हे तिचे अन्न होय. नाला तसाच वाहता ठेवून वनस्पती तेवढी उपसली, तर पुढील वर्षी तेच काम पुन्हा करावे लागते. मागे राहिलेले बीही चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते. श्रमदानाच्या उत्साहात या गोष्टीचा बहुधा विसर पडतो.

पाण्याची गढूळता मोजण्यास पांढरी थाळी पुरते. थाळीस वजन व गाठी मारलेली दोरी बांधावी, ती सावकाश पाण्यात सोडावी आणि कितव्या गाठीस दिसेनाशी झाली ते तारखेसह नोंदवावे. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने इ. स. १८६५ मध्ये हीच रीत समुद्रावर योजली होती. हे मोजमाप शिक्षकांनी स्वतः घाटावरून करावे; विद्यार्थ्यांस पाण्यात उतरवू नये. जलपर्णीच्या थराखाली खोली कळत नाही, शिवाय तेथे साप असतात.

उपायांत दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या सोंडकिड्यांचाही उल्लेख करावा. ते जलपर्णीवरच उपजीविका करतात व इ. स. १९८० नंतरच्या दशकात भारतात सोडले गेले. त्यांचे काम मात्र संथ असते. गोंदिया-भंडाऱ्याकडील काही तलावांत ढीवर समाजाच्या लोकांनी केलेला प्रयत्न विद्यार्थ्यांस अधिक जवळचा वाटेल. त्यांनी बेशरम मुळांसकट उपटली, उन्हाळ्यात कोरडे पात्र नांगरले व स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांस अन्न व निवारा मिळाला आणि त्यांची संख्या वाढली. यावरून एक भेद स्पष्ट करावा : पाण्यातील प्रत्येक वनस्पती शत्रू नव्हे. कमळ, शिंगाडा, देवधान ही तलावाचीच लेकरे आहेत. सफाईच्या दिवशी तीही उपटली जातात, म्हणून आधी वर्गात पाने दाखवून ओळख पक्की करावी.

उपसलेली जलपर्णी पाळीवर टाकू नये. पहिल्याच पावसात ती परत पाण्यात जाते. तलावापासून दूर खड्ड्यात कुजविल्यास शाळेच्या बागेस खत होते. फुले सुंदर म्हणून एखादा विद्यार्थी रोप घरी नेऊ पाहील. त्यास रागावू नये, पण ते रोप शाळेच्या हौदात वा विहिरीत जाणार नाही एवढे मात्र पाहावे.