दहा मिनिटांत बरं झालं, म्हणून सोडू नका

आमची शेती इंदापूर तालुक्यात, भवानीनगर कारखान्याच्या बाजूला. उसाला पाण्याची पाळी होती. बांधावर बसून तंबाखू मळत होतो, तर डाव्या तळहातावरची तंबाखू सांडली. हात लुळा पडला, जीभ जड झाली. थोड्या वेळानं सगळं जिथल्या तिथं. गावातल्या डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सलाइन लावलं. कुणी सांगितलं, मानेची नस दबलीय, पट्टा बांधा. पुढं एका सकाळी उजव्या डोळ्यापुढं वरून पडदा उतरल्यासारखा अंधार आला नि गेला. सूनबाईनं मग कुणाचं ऐकलं नाही, गाडी काढून थेट बारामती गाठली.

मानेची डॉपलर सोनोग्राफी झाली. मेंदूला रक्त नेणारी उजवी धमनी चरबीच्या थरानं ८० टक्के अरुंद झालेली. मेंदूचा उजवा भाग डावं अंग चालवतो, म्हणून हात डावा गेला; डोळा मात्र त्याच बाजूचा. या दुखण्यात मान दुखत नाही, तिथंच माणूस फसतो. थरावरच्या गुठळीचा कण सुटून वर जातो. विरघळला तर आपण वाचलो, अडकला तर पॅरालिसिस.

पुण्यात ऑपरेशन झालं: मानेला चीर देऊन, धमनी उघडून थर काढला. दुसरा मार्ग स्टेंटचा. वय सत्तरीपुढं असेल तर बहुधा ऑपरेशन बरं मानतात. दोन्हींत झटक्याचा थोडा धोका असतोच, तो डॉक्टरांना आधी स्पष्ट विचारा. लक्षणं दिसलेली असतील आणि धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल, तर दोन आठवड्यांच्या आत केलेल्या ऑपरेशनचा फायदा सर्वांत मोठा. पूर्ण बंद पडलेली धमनी सहसा उघडत नाहीत.

तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली, तर १०८ ला फोन लावा. सीटी स्कॅन जिथं चालू आहे, तिथंच न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. चोळणं, झाडपाला, कबुतराचं रक्त यांत वेळ घालवू नका. स्कॅनआधी घरातली अ‍ॅस्पिरिनही देऊ नका, झटका रक्तस्रावाचा असू शकतो.

ऑपरेशननंतरही बीपी, साखर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुटत नाहीत. तंबाखू आणि मिश्री मात्र सोडावीच लागते. आणि त्रास आपोआप थांबला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.