स्प्रिंग नव्हे, लॉक अडकतात

जुन्या गाडीचं हेड टेबलावर घेतलं, वॉल्व्हच्या स्प्रिंगला कॉम्प्रेसर लावला, स्क्रू पिळत गेलं, तरी वरची चकती म्हणजे रिटेनर तसूभर हलत नाही. अशा वेळी गॅरेजात सरसकट म्हटलं जातं, ‘स्प्रिंग जाम आहे.’ पुढे होणाऱ्या बहुतेक नुकसानाची सुरुवात मला या चुकीच्या निदानातच दिसते. स्प्रिंग आपल्या बैठकीवर मोकळी उभी असते, तिला जाम व्हायला तिथे कारणच नाही. जाम होतात ते लॉक. मारुती ८०० चं सुरुवातीचं ७९६ सीसीचं इंजिन घ्या. तीन सिलिंडर, दर सिलिंडरला दोन वॉल्व्ह, आणि प्रत्येक वॉल्व्हच्या दांड्यावरच्या खोबणीत बसणारे दोन अर्धगोल तुकडे, म्हणजे सहा वॉल्व्हना बारा लॉक. हे तुकडे बाहेरून निमुळते असतात आणि रिटेनरच्या तशाच निमुळत्या भोकात रुतून बसतात. स्प्रिंग रिटेनरला वर्षानुवर्षं वर ढकलत राहते, त्यामुळे हे टेपर घट्टच होत जातं. त्यात जळलेल्या ऑइलचा चिकट थर फटींत सुकतो.

टेपरचा उतार काही अंशांचाच असला की नुसतं घर्षणच त्याला धरून ठेवतं. ड्रिल मशीनचं मोर्स टेपर वापरणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको. तिथे ड्रिल कुणी ओढून काढत नाही. खाचेत पाचर घालून हातोडीचा एक टोला देतात आणि ते सुटून हातात येतं. कॉम्प्रेसरचा स्क्रू मात्र हळूहळू वाढत जाणारा दाब देतो. टेपर दाद देत नाही तोवर हा दाब कॉम्प्रेसरच्या चौकटीत साठतो. रिटेनर जागचा हलत नाही, पण चौकटीच्या भुजा फाकताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि हीच थांबण्याची खूण. त्यापुढे पिळत गेल्यास टेपर अचानक सुटतं, कॉम्प्रेसरचा पाय घसरतो, लॉक उडतात आणि ॲल्युमिनियमच्या हेडवर ओरखडा उठतो. पाय आधीच तिरका बसला असेल तर वॉल्व्हचा दांडा वाकण्याचीही भीती.

म्हणून आधी टेपर सोडवावं आणि स्प्रिंग मागाहून दाबावी, असं माझं म्हणणं. कॉम्प्रेसर बाजूला ठेवा, स्पार्क प्लग काढा. हेड लाकडी फळीवर ठेवून वॉल्व्हच्या डोक्याखाली, ज्वलनकक्षात मावेल असा लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा. हा आधार नसेल तर टोल्यासरशी वॉल्व्हच खाली सरकतो आणि टोला वाया जातो. मग रिटेनरच्या कडेवर टेकेल, पण लॉक आणि दांड्याचं टोक मोकळं सोडेल, अशा मापाची खोल गोटी निवडा. ती सरळ उभी धरून मध्यम हातोडीचा एकच खणखणीत टोला द्या. जाम असताना आवाज ठोकळ्यावर मारल्यासारखा बद्द येतो. टेपर सुटलं की खालची स्प्रिंग हाताला जाणवते. कधीकधी लॉक त्याच टोल्यात निघून गोटीत पडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. नाही निघाले तर आता कॉम्प्रेसर लावा, तो सहज चालेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो हातोडीवरच: इंजिनावर ठोकाठोकी कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो टोला कुठे बसतो यावर अवलंबून आहे. दांड्याच्या टोकावर मारलेला टोला टोक चेपतो. रिटेनरच्या कडेवर मारलेला टोला त्याच स्प्रिंगवर जातो, जी इंजिन चालू असताना मिनिटाला शेकडो वेळा दबते. दुसरं म्हणणं, कॉम्प्रेसर मोठा घ्या. मजबूत चौकट कमी वाकते हे खरं, पण हळू दाबाची मर्यादा तशीच राहते. थोडा ताण देऊन मग टोला मारणारे कारागीर आहेत, ती रीतही चांगली. फक्त ताण खरोखर थोडा हवा. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यायला हरकत नाही, बाहेर पडून राहिलेल्या हेडला त्याचा उपयोग होतो. गॅसची ज्योत मात्र साफ नको. स्प्रिंगचं पाणी उतरतं, ऑइल सील जळतं, ॲल्युमिनियम बिघडतं, आणि एवढं करून टेपर सुटेलच असंही नाही.

हेड इंजिनावरच ठेवून नुसती सील बदलायची असतील तर मात्र ठोकण्याआधी दोनदा विचार करावा. खाली ठोकळा नसतो. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन वॉल्व्ह धरला, तर टोल्यानं तो क्षणभर उघडतो आणि हवा निसटते. शिवाय हवेच्या दाबानं क्रँक फिरू शकतो, तेव्हा त्यावर पाना लावून ठेवू नये. त्यापेक्षा त्याच भोकातून सुती दोरी आत सोडून, तिचं टोक बाहेर ठेवून, पिस्टन हातानं हळूहळू वर आणावा. दोरीचा गोळा वॉल्व्हला खालून टेकतो. तरीही लॉक सुटत नसतील तर हेड उतरवणंच स्वस्त पडतं.

लॉक निघाले की वॉल्व्ह लगेच खाली ओढू नका. खोबणीच्या कडेला नख फिरवा. कड उठलेली लागली तर ती बारीक ऑइलस्टोननं घासून काढा, नाहीतर तीच कड गाईड खरवडत जाते. वॉल्व्ह ज्या सीटवर घासला गेला आहे तिथेच परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवावेत. जोडणी झाल्यावर प्लॅस्टिकच्या हातोडीनं प्रत्येक दांड्याच्या टोकावर एकेक हलकी टिचकी द्यावी. अर्धवट बसलेला लॉक असेल तर तो तेव्हाच उडतो. त्या वेळीही चष्मा डोळ्यांवर असावा.