गोळी चालू ठेवली म्हणून गाठ आली का?

प्रश्न : माझी आई ६६ वर्षांची आहे. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेल्याने तिची मायट्रल झडप खराब झाली होती. ती काढून धातूची बसवली, तेव्हापासून आई रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम ही गोळी घेते. ठोके फार कमी पडू लागले म्हणून दहा दिवसांपूर्वी तिला पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी गोळी बंद केलीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्यांखाली टणक गाठ आली आणि दंडापर्यंत सगळं काळंनिळं झालं. २०१० साली मामांना पेसमेकर बसवला, तेव्हा त्यांची रक्त पातळ करायची गोळी आधी थांबवून पोटावर इंजेक्शनं दिली होती. मग आईच्या वेळी हलगर्जीपणा झाला का? शेजारी म्हणतात, हे मुळात उंदीर मारायचं औषध, काही दिवस बंद ठेवा. गावातले एक डॉक्टर सुईने रक्त काढून द्यायला तयार आहेत. काढून घ्यावं का? आई तर भीतीने डावा हात छातीशी धरूनच बसते.
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी सुईचं सांगतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. सुई घालू देऊ नका. गावातले डॉक्टर मदतीच्याच भावनेने म्हणत असतील, पण या जागी ती मदत महागात पडते. कॉलरबोनच्या खाली कातडी उघडून पेसमेकर ठेवायला जो कप्पा करतात, त्यात झिरपलेलं रक्त साकळून राहतं, तीच ही गाठ. साकळलेलं रक्त सुईतून धड येत नाही. उलट कातडीवरचे जंतू सुईबरोबर थेट यंत्रापर्यंत पोचतात, आणि वायरच्या आवरणाला टोचलं तर ते नुकसान वेगळंच. गाठ वाढतच चालली, कातडी ताणून पातळ पडली किंवा ठणका सोसवेना, तर ज्यांनी पेसमेकर बसवला ते डॉक्टर आईला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन, निर्जंतुक करून, कप्पा उघडून साफ करतील. तशी वेळ थोड्यांवर येते. बहुतेक गाठी शरीर आपणहून जिरवतं, फक्त त्याला काही आठवडे लागतात.

आता हलगर्जीपणाबद्दल. मामांच्या वेळी जे केलं ते त्या काळच्या रीतीला धरून होतं आणि आईच्या वेळी केलं ते आजच्या रीतीला धरून आहे. गोळी आधी थांबवायची, मधले दिवस हिपॅरिनच्या इंजेक्शनांवर काढायचे आणि नंतर गोळी पुन्हा सुरू करायची, ही पद्धत जगभर रूढ होती आणि ऐकायलाही ती सुरक्षित वाटते. कॅनडातले डॉ. डेव्हिड बर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवायचा होता अशा ६८१ रुग्णांपैकी निम्म्यांची वॉरफरिन ही ॲसिट्रॉमच्याच कुळातली गोळी चालू ठेवली आणि निम्म्यांना हिपॅरिनवर नेलं. हे सगळे रक्ताच्या गुठळीचा धोका जास्त असलेले रुग्ण होते, म्हणजे आईसारख्या धातूच्या झडपा असलेलेही त्यांत होते. निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. इस्पितळातला मुक्काम लांबवणारी, औषध थांबवायला लावणारी किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करायला लावणारी गाठ हिपॅरिनवाल्यांत १६ टक्क्यांना आली, तर गोळी चालू ठेवलेल्यांत साडेतीन टक्क्यांना. फरक एवढा ठळक होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली.

असं उलटं का झालं असावं? संशोधकांनी मांडलेलं एक स्पष्टीकरण मला फार पटतं. नळाचा जोड गळतो का हे प्लंबर पाणी चालू ठेवूनच बघतो. गोळीचा अंमल असताना कप्पा केला, तर जी बारीक रक्तवाहिनी झिरपणार ती टेबलावरच झिरपते, सर्जनला दिसते आणि तो ती तिथल्या तिथे बंद करतो. गोळी थांबवली असेल तर कप्पा कोरडा दिसतो, टाके पडतात, आणि मग हिपॅरिन सुरू झालं की बंद कातडीआड रक्त झिरपू लागतं.

तरीही आईला गाठ आलीच, हे खरं. साडेतीन टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि सोबत ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर शक्यता आणखी वाढते. शिवाय सगळ्याच गाठी त्या चाचणीतल्या व्याख्येत बसण्याइतक्या मोठ्या नसतात. काळंनिळं पसरलं याची मात्र फार धास्ती घेऊ नका. रक्त कातडीखालून उताराने खाली येतं, म्हणून जखम गळ्यापाशी असली तरी डाग दंडावर, स्तनाच्या कडेला, कधी कोपरापर्यंत उतरतो. पुढच्या दिवसांत तो हिरवट आणि मग पिवळा होईल. लक्ष रंगापेक्षा गाठीवर ठेवा. साध्या बॉलपेनने तिच्या कडेने, टाक्यांपासून दूर, कातडीवर रेघ काढा आणि रोज सकाळी बघा. गाठ रेघेच्या आत राहिली, मऊ होत गेली, तर चांगलंच आहे. रेघ ओलांडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आईच्या बाबतीत तर मुळीच नाही. मायट्रलच्या जागी बसलेल्या धातूच्या झडपेवर गुठळी बसण्याचा धोका फार जास्त असतो. ती झडप अडकली किंवा गुठळी सुटून मेंदूत गेली, तर दंडावरचा डाग क्षुल्लक वाटेल. रात्री घर शांत असलं की आईच्या झडपेची बारीक टकटक तुम्ही ऐकली असेल. ती एकाएकी दबकी झाली, धाप लागली, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर घरात चर्चा न करता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

गाठीमुळे गोळी कमी करायची की एखादा दिवस थांबवायची, हा हिशेब रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी पीटी-आयएनआर तपासणी बघून कार्डिऑलॉजिस्टच करतील. मायट्रलच्या धातूच्या झडपेला आयएनआर साधारण अडीच ते साडेतीन ठेवतात. आईचा पाच-सहावर गेलेला असेल, तर गाठीचं कारण तिथेच सापडेल. म्हणून ही तपासणी लगेच करून घ्या. कुणी तुम्हाला आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या सुचवेल. ठोके अनियमित असलेल्या अनेकांना त्या उत्तम लागू पडतात, पण धातूची झडप असलेल्यांना त्या देत नाहीत.

उंदराच्या औषधाची गोष्ट खोटी नाही. गेल्या शतकात उत्तर अमेरिकेत सडलेलं क्लोव्हरचं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्याचा शोध घेताना विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेला त्यातलं द्रव्य सापडलं आणि त्यातूनच वॉरफरिन निघालं. १९४८ साली ते उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं. ॲसिट्रॉम त्याच कुळातलं. मात्रा मोजून घेतलेल्या या औषधाने गेल्या सत्तर वर्षांत असंख्य लोकांचे अर्धांगवायू टळले आहेत. शेजाऱ्यांना एवढं सांगा.

आपल्याकडे ठरलेली आणखी एक गोष्ट म्हणजे ‘अंगातलं रक्त गेलं’ म्हणून पालक, मेथी, शेपूचा मारा. या भाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि एकाएकी जास्त खाल्ल्या की गोळीचा परिणाम उतरतो. बंद करायला नकोत, नेहमी जेवढ्या खाते तेवढ्याच राहू द्या. ठणक्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. पॅरासिटामॉल किती दिवस चालेल ते डॉक्टरांना विचारा. गाठीवर गरम शेक नको, चोळणं नको, हळदीचा लेपही नको.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या काही महिन्यांची. डॉ. बर्नी यांच्याच गटाने त्या चाचणीतल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. मोठी गाठ आलेल्यांपैकी ११ टक्क्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागेल असा यंत्राचा जंतुसंसर्ग झाला, गाठ न आलेल्यांत दीड टक्क्यांना. म्हणजे गाठ जिरली की विषय संपला असं समजू नका. टाक्यांची जागा पुन्हा लाल झाली, गरम लागली, तिथून पाणी किंवा पू आला, यंत्राची कड कातडीतून वर येऊ लागली किंवा कारण नसताना ताप येत राहिला, तर गावात अँटिबायोटिकचा कोर्स करून वाट पाहू नका. संसर्ग यंत्राला लागला असेल तर नुसत्या औषधाने तो जात नाही, यंत्र आणि वायरी काढाव्या लागतात. शिवाय काही अँटिबायोटिक्स आयएनआर भलताच वर नेतात. चक्कर येऊन पडणं किंवा न थांबणारी उचकी, हेही कळवा. उचकीचं कुणाच्या लक्षात येत नाही, पण वायर सरकली की ती लागू शकते.

आणि तो डावा हात. तो छातीशी धरून ठेवला तर खांदा आखडेल, आणि तो सोडवणं गाठीपेक्षा चिवट काम. कोपर, मनगट, बोटं आजपासून मोकळी हलवू द्या. कप धरणं, पोळी लाटणं चालेल. हात खांद्याच्या वर नेणं आणि पाण्याची बादली उचलणं मात्र डॉक्टर सांगतील तितके आठवडे नको. पदराची पिन नेमकी त्याच खांद्यावर येते, तेव्हा तूर्त गाऊन बरा. वेणी घालायला दोन्ही हात वर जातात, ती सध्या घरातल्या कुणीतरी घालून द्या.