सर्वेक्षणासाठी डिजिटल साधन : निवडीचे निकष

कोणत्याही विकास योजनेची आखणी लाभार्थींच्या अंदाजापासून सुरू होते आणि तिचे मूल्यमापनही अखेर आकडेवारीच्या आधारेच होते. ही आकडेवारी गोळा करण्याचे काम दीर्घकाळ मोठ्या सांख्यिकी संस्थांकडे होते. आज एखादी ग्रामपंचायत, स्वयंसेवी संस्था, महाविद्यालय किंवा शेतकरी उत्पादक कंपनीदेखील अर्ध्या तासात ऑनलाईन प्रश्नावली तयार करून ती शेकडो लोकांना पाठवू शकते. ही सोय निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि साधन सहज हाती आले की ते आधी निवडले जाते आणि काय विचारायचे व कोणाला विचारायचे हे त्या साधनाच्या सोयीने ठरते. हा क्रम उलट का असावा आणि साधनाची निवड कोणत्या निकषांवर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कागदापासून टॅब्लेटपर्यंत

भारतातील नमुना सर्वेक्षणाची परंपरा जुनी व समृद्ध आहे. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. एकाच क्षेत्रातून परस्परांत गुंफलेले दोन स्वतंत्र उपनमुने घ्यावयाचे, ते निरनिराळ्या प्रगणकांकडे सोपवावयाचे आणि त्यांचे निष्कर्ष ताडून पाहावयाचे, ही पद्धत महालनोबिस यांनी विकसित केली. दोन उपनमुन्यांच्या निष्कर्षांत मोठी तफावत आढळल्यास प्रगणकांच्या कामाकडे लक्ष वेधले जाई. माहिती गोळा करतानाच तिच्या अचूकतेची परीक्षा व्हावी, हे त्यामागील तत्त्व होते.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत हाती धरावयाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरण्यात आली. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात मुलाखती छोट्या संगणकांवर नोंदविल्या गेल्या, तर एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात टॅब्लेटचा वापर झाला. या सर्व उपक्रमांत कागदाची जागा यंत्राने घेतली, मात्र उत्तरदात्याच्या दारी जाणारा प्रगणक कायम राहिला. ही बाब साधन निवडताना सर्वप्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

उत्तर कोण देणार?

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३३ टक्के आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये सुमारे २५ टक्के होते. त्यानंतरच्या काळात वापर वाढला असला, तरी स्त्री-पुरुष व शहर-खेडे यांतील दरी मिटली असे गृहीत धरून चालणार नाही. अशा स्थितीत पोषण आहार किंवा पिण्याच्या पाण्याविषयीची प्रश्नावली केवळ दुव्याच्या रूपाने भ्रमणध्वनीवर पाठविली, तर ज्यांची गरज सर्वाधिक आहे त्यांचेच उत्तर येणार नाही.

उत्तरांची संख्या वाढविल्याने हा दोष दूर होत नाही. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे लँडन विजयी होतील असे भाकीत वर्तविण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले. पत्त्यांच्या याद्या प्रामुख्याने दूरध्वनीधारक व मोटारमालक यांच्या होत्या. शिवाय उत्तर पाठविण्याचा उत्साह दाखविणारे मतदार इतरांहून वेगळे होते. ऑनलाईन प्रश्नावलीला स्वेच्छेने मिळणाऱ्या उत्तरांतही हे दोन्ही दोष संभवतात.

साधनांचे तीन प्रकार

उपलब्ध साधनांची ढोबळमानाने तीन गटांत विभागणी करता येते. पहिल्या गटात गूगल फॉर्म्स, मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स, सर्व्हेमंकी किंवा झोहो या भारतीय कंपनीचे झोहो फॉर्म्स यांसारख्या सेवा येतात. प्रशिक्षणाची नावनोंदणी, कर्मचाऱ्यांचे अभिप्राय किंवा महाविद्यालयीन पाहणी अशा कामांना त्या पुरेशा ठरतात.

दुसऱ्या गटात लाईमसर्व्हेसारखी मुक्तस्रोत आज्ञावली येते. ती संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते. त्यामुळे माहिती संस्थेच्याच ताब्यात राहते. मात्र सर्व्हरची देखभाल करणारा तंत्रज्ञ हाताशी असावा लागतो.

तिसरा गट क्षेत्रीय सर्वेक्षणासाठी घडविलेल्या साधनांचा आहे. ओडीके, त्यावर आधारित कोबोटूलबॉक्स आणि जागतिक बँकेचे सर्व्हे सोल्यूशन्स ही त्यांतील प्रमुख नावे होत. ही साधने नेटवर्क नसतानाही उत्तरे टॅब्लेटमध्ये साठवितात आणि नेटवर्क मिळताच ती सर्व्हरकडे धाडतात. सर्व्हे सोल्यूशन्समध्ये पर्यवेक्षकाला संशयास्पद मुलाखत प्रगणकाकडे परत पाठविता येते.

निवडीचे निकष

पहिला निकष भाषेचा. प्रश्नावली एकाच वेळी अनेक भाषांत ठेवता येते काय आणि भाषा बदलली तरी उत्तराचा संकेतांक तोच राहतो काय, हे पाहावे. तसे नसल्यास मराठी, गोंडी व हिंदी उत्तरांचे तीन वेगवेगळे तक्ते तयार होतात आणि ते जुळविण्यात दिवस खर्ची पडतात.

दुसरा निकष तपासणीचा. कुटुंबातील सदस्यांची संख्या पाच सांगितली असताना शाळेत जाणारी मुले सात नोंदली गेली, तर साधनाने तेथेच हरकत घ्यावयास हवी. मात्र प्रत्येक प्रश्न सक्तीचा करण्याचा मोह टाळावा. उत्तर ठाऊक नसलेल्या प्रगणकाला पुढे सरकण्यासाठी काहीतरी भरावेच लागते आणि मग खोटा आकडा जन्माला येतो. 'शून्य', 'माहीत नाही' व 'सांगण्यास नकार' हे तीन पर्याय स्वतंत्रपणे नोंदविता येणे आवश्यक आहे. जमिनीचे क्षेत्र विचारताना परिमाणही विचारावे. गुंठा व एकर यांचे प्रमाण निश्चित असले, तरी बिघ्याचे माप प्रदेशागणिक बदलते.

तिसरा निकष देखरेखीचा. मुलाखत केव्हा सुरू झाली, केव्हा संपली व कोठे झाली याची नोंद साधन आपोआप ठेवू शकते. चाळीस मिनिटांची प्रश्नावली सहा मिनिटांत पूर्ण झालेली दिसल्यास पर्यवेक्षकाला त्याच सायंकाळी विचारणा करता येते. महालनोबिस यांच्या उपनमुन्यांचा हेतू येथे नव्या रूपाने साध्य होतो.

चौथा निकष माहितीच्या रक्षणाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची व्यवस्था आहे. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळावा, असे हा कायदा सांगतो. संशोधन व सांख्यिकी कार्यासाठी त्यात सवलत आहे. परंतु त्याच माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार असेल, तर ती सवलत मिळत नाही. म्हणजेच दारिद्र्याचा अभ्यास करण्यासाठी भरलेला फॉर्म पुढे लाभार्थींची यादी करण्यास वापरणे, हा नुसता सोयीचा प्रश्न राहत नाही. माहिती कोठे साठविली जाते, ती कोण पाहू शकतो आणि काम संपल्यावर ती पूर्णपणे पुसता येते काय, हे आधीच विचारावे.

पाचवा निकष खर्चाचा. मोफत सेवांमध्ये उत्तरांच्या संख्येवर किंवा साठवणुकीवर मर्यादा असू शकते. सर्व माहिती सर्वसामान्य तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येत नसेल, तर संस्था त्या कंपनीशी कायमची बांधली जाते. टॅब्लेट, प्रशिक्षण व पूर्वचाचणी यांचा खर्चही हिशेबात धरावा.

एक उदाहरण

समजा, एका जिल्ह्याला महिला बचत गटांच्या कर्जव्यवहाराचा अभ्यास करावयाचा आहे. गटांची यादी उपलब्ध आहे. काही गावांत नेटवर्क नाही. गटाच्या अध्यक्षांना दुवा पाठविला, तर उत्तरे आठवड्यात येतील. परंतु ती सुशिक्षित व सुस्थितीतील गटांची असण्याचा संभव अधिक. बंद पडलेला गट दुवा उघडणार नाही आणि कर्जाच्या अडचणीचे खरे कारण तर तेथेच सापडेल. त्याऐवजी यादीतून चालू व बंद अशा दोन्ही प्रकारच्या गटांचा यादृच्छिक नमुना निवडून प्रशिक्षित प्रगणकांना तिसऱ्या गटातील साधन द्यावे. प्रथम वीस गटांत पूर्वचाचणी घ्यावी. या मार्गाने उत्तरे कमी मिळतील व वेळ अधिक लागेल. तरीही निष्कर्ष सर्व गटांना लागू करता येईल. याच गटांच्या मेळाव्याची नावनोंदणी मात्र साध्या ऑनलाईन फॉर्मने करण्यास काहीच प्रत्यवाय नाही.

समारोप

साधनांची नावे व वैशिष्ट्ये बदलत राहतील. प्रश्न कोणता, उत्तरदाता कोण, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोणता आणि त्याने दिलेल्या माहितीचे पुढे काय होणार, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात तयार झाल्यानंतरच साधन निवडावे. निधीचे वाटप आकडेवारीवरून होत असल्याने जे कुटुंब तक्त्यात उतरत नाही ते योजनेतही उतरत नाही. त्या कुटुंबापर्यंत पोहोचण्यास जे साधन मदत करील, तेच त्या कामापुरते योग्य साधन होय.