मैत्री आधी, करुणा नंतर



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३ आणि त्यावरचं माऊलींचं निरूपण.

आज आधी एक कबुली देते, मग श्लोकाकडे वळू. कारण हा श्लोक मला पाठ होता तेव्हा कळला नव्हता. माझ्याकडून चूक झाली, तेव्हा कळला.

आमचं एक छोटंसं हरिपाठ मंडळ आहे. बहुतेक सगळे पुण्यात नोकरी करणारे, पंचविशी-तिशीतले. रोज रात्री साडेनऊला ऑनलाइन हरिपाठ. ग्रुपवर माझी नगरची मामीसुद्धा होती, मीच तिला घेतलं होतं. लहानपणी सावेडीच्या घरी सुट्टीत तिनेच मला हरिपाठ शिकवला, मांडीवर ताल धरून.

एका एकादशीला ग्रुपवर एकाने चुकीची लिंक टाकली. दुसऱ्याने लिहिलं, "मतिमंद आहेस का रे?" सगळे हसले. मीही हसण्याचे तीन इमोजी टाकले, वर एक स्टिकर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर मामीने ग्रुप सोडलेला.

माझ्या मामेभावाला डाऊन सिंड्रोम आहे. तो चौतीस वर्षांचा आहे. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो.

मामीने दोन दिवस फोन उचलला नाही. रविवारी सकाळची एसटी पकडली, माळीवाडा स्टँडवर उतरले आणि रिक्षाने सावेडी गाठली. दार दादानेच उघडलं. मला पाहून म्हणाला, "तुझा वाढदिवस मंगळवारी येतोय या वर्षी." त्याला घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस तारीख-वारासकट पाठ असतात. मला त्याचा वाढदिवस नक्की आठवत नव्हता.

मामी रागावली नव्हती, हेच जास्त अवघड होतं. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "शब्दाचं काही नाही गं. चौतीस वर्षं ऐकतेय. रस्त्यात ऐकलाय, लग्नात ऐकलाय. हरिपाठाच्या ग्रुपवर ऐकेन असं वाटलं नव्हतं, एवढंच."

मी माफी मागितली. म्हटलं, "मामी, दादावर आमचं सगळ्यांचं किती प्रेम आहे, तुला माहितीये ना?"

ती म्हणाली, "आहे की. सगळे त्याच्याशी गोड बोलता. येताना चॉकलेट आणता. पण खरं सांग, तुमच्यातल्या कुणाचा तो मित्र आहे का? आम्ही गेल्यावर त्याच्यावर दया करणारे पुष्कळ मिळतील. 'दादा, चल रे पिक्चरला' म्हणणारा एक तरी मिळेल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

श्लोक काय सांगतो

परतीच्या एसटीत बाराव्या अध्यायाचं तेरावं पान उघडावं तसा हा तेरावा श्लोक समोर आला. भगवंत इथे आपल्याला कोण भक्त आवडतो ते सांगतात. पहिली खूण : तो कोणत्याही जीवाचा द्वेष करत नाही. दुसरी : तो मैत्र, म्हणजे सगळ्यांचा मित्र असतो. तिसरी : तो करुण असतो. त्यानंतर लगेच येतात निर्मम आणि निरहंकार.

हा क्रम नीट बघा. आधी मैत्री, मग करुणा.

आपण काय करतो? पहिली पायरी कशीबशी चढतो. "आम्ही कुणाचा द्वेष करत नाही बुवा." आणि तिथून थेट करुणेवर उडी मारतो. मधली मैत्रीची पायरी गाळतो. कारण करुणा सोपी आहे. करुणा वरून खाली करता येते. वाढदिवसाला एखाद्या शाळेत केळी-बिस्किटं वाटली, फोटो काढला की झाली. मैत्रीला मात्र शेजारी बसावं लागतं. मित्राची वाट बघावी लागते, त्याचं ऐकावं लागतं, त्याच्याशी भांडावंही लागतं.

आणि करुणेच्या पाठोपाठ "मी" आणि "माझं" सोडायला का सांगितलं असेल? मला वाटतं, दया करताना अहंकार सगळ्यात लवकर फुगतो म्हणून. मी दादाला चॉकलेट देते तेव्हा मोठं कोण होतं? मीच ना.

नेवाशात सांगितलेली गोष्ट

माऊलींनी हे निरूपण आपल्याच जिल्ह्यात केलं, प्रवरेकाठी नेवाशाला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. ज्या खांबाला टेकून माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, तो पैस खांब आजही तिथे आहे.

या श्लोकावर माऊली तीन साधे दाखले देतात, माझ्या शब्दांत सांगते. जमीन चांगल्याला अंगावर घेते आणि वाईटाला झटकून टाकते, असं कधी होत नाही. प्राण राजाच्या देहात राहतो आणि भिकाऱ्याला टाळतो, असंही नाही. आणि पाणी गायीची तहान भागवतं, पण वाघासाठी विष होत नाही.

जमीन, श्वास, पाणी. तिघंही कुणाची परीक्षा घेत नाहीत. तुझा बुद्ध्यांक किती, तुला किती येतं, हे विचारत नाहीत. मग आपल्या हरिपाठात बसायला ती परीक्षा का असावी?

आणखी एक गोष्ट. भक्त मंडळींमध्ये एक वाक्य फार सहज बोललं जातं : "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." मामीला हे कित्येकांनी तोंडावर ऐकवलंय. असं म्हणण्याआधी ही चार भावंडं आठवा : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. वडील संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून समाजाने या लेकरांना वाळीत टाकलं. दोष कुणाचा आणि शिक्षा कुणाला! ज्यांना जन्मावरून बाहेर ठेवलं, त्यांचाच ग्रंथ हातात धरून आपण दुसऱ्या आईला "कर्माचं फळ" सांगणार असू, तर आपण त्या वेळच्या कुणाच्या बाजूला उभे आहोत?

वेड वेगळं, हे वेगळं

एक गोंधळ दूर करूया. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बौद्धिक अक्षमतेत शिकणं, विचार करून प्रश्न सोडवणं आणि रोजची कामं करणं अवघड जातं, आणि हे लहानपणापासूनच असतं. तो आजार नाही, त्यामुळे "बरा कधी होणार?" हा प्रश्नच चुकीचा. डाऊन सिंड्रोम हे त्याचं एक कारण. त्यात एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. म्हणूनच २१ मार्च, म्हणजे तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळतात. मानसिक आजार कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात.

दोघांच्या वाट्याला समाजाची वागणूक मात्र सारखीच येते. इथे आपल्या जिल्ह्यातलीच एक आठवण सांगावीशी वाटते. १९३६ साली मेहेरबाबांनी राहुरीला मनाचा तोल गेलेल्या लोकांसाठी आश्रम काढला होता. तिथे ते स्वतःच्या हातांनी त्या लोकांना अंघोळ घालायचे. परंपरा वेगळी असेल, पण ज्याला लोक हात लावत नाहीत त्याला आधी हात लावायचा, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

तरुणांनी काय केलं

"एका शब्दाने काय होतं" असं मलाही वाटायचं. मग वाचलं. २००९ मध्ये अमेरिकेत सोरेन पालुम्बो आणि टिम श्रायव्हर या दोन कॉलेजच्या मुलांनी इतर तरुणांना सोबत घेऊन एक मोहीम सुरू केली. मागणी एकच : आपल्या "मतिमंद"सारखाच तिथे शिवी म्हणून वापरला जाणारा "रिटार्ड" हा शब्द बोलणं थांबवा. सोरेनची धाकटी बहीण बौद्धिक अक्षमता असलेली. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, "रोझाचा कायदा" झाला आणि तिथल्या केंद्रीय कायद्यांतून तो जुना शब्द काढला गेला. रोझा ही डाऊन सिंड्रोम असलेली एक लहान मुलगी.

ही मोहीम स्पेशल ऑलिंपिक्सच्या घरातली. १९६८ पासून चालू असलेल्या या चळवळीत "युनिफाइड स्पोर्ट्स" नावाचा प्रकार आहे : बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात. टाळ्या वाजवायला बाहेर बसायचं नाही, आत उतरून पास द्यायचा आणि घ्यायचा. मला तर ही "मैत्र" शब्दाची मैदानावरची टीकाच वाटली. आपल्याकडे हे काम स्पेशल ऑलिंपिक्स भारत करते.

आपला कायदाही मागे नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, बौद्धिक अक्षमता त्यात आहे. कलम ९२ सांगतं की चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम, पाणउतारा करण्यासाठी अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पण भक्ताला तुरुंगाच्या भीतीने जीभ आवरावी लागली, तर हरिपाठाने काय केलं?

आणि मामीची मोठी चिंता, "आमच्यानंतर कोण?" त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी आईवडील किंवा नातेवाईक स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करू शकतात. जिल्हाधिकारी या समितीत असतात. मामा-मामीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही कागद जमवतोय. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर ही माहिती जरूर पोहोचवा.

पुढे काय झालं

मी मंडळात सगळं खरं सांगितलं, माझ्या इमोजीसकट. ज्याने तो शब्द लिहिला होता, त्याने स्वतः मामीला फोन केला. मग ठरलं की एक रविवार सगळ्यांनी नेवाशाला जायचं, आणि दादाला न्यायचं. मी मामीला विचारायला फोन लावला तर ती म्हणाली, "मला काय विचारतेस? त्यालाच विचार." चौतीस वर्षांच्या माणसाला मी पहिल्यांदा थेट विचारलं, "दादा, येतोस का?" तो म्हणाला, "खिडकी पाहिजे."

पैस खांबापाशी आम्ही हरिपाठ म्हटला. दादाकडे टाळ होते. त्याचा टाळ अर्ध्या मात्रेने मागे पडतो. पूर्वी मी हळूच त्याच्या हातावर हात ठेवून थांबवायचे. या वेळी पखवाजवाल्या मित्राने ठेका थोडा सैल केला, आणि पाच-सात मिनिटांत सगळे त्या लयीत आले. हरिपाठ रोजच्यापेक्षा लांबला. बिघडलं काहीच नाही.

येताना दादा दोन जणांशी खिडकीवरून भांडला. ते भांडण ऐकून मला बरं वाटलं. दया करणाऱ्यांशी कुणी भांडत नाही.

मामी अजून ग्रुपवर परत आलेली नाही. मी आग्रह केला नाही. माफी मागितली म्हणजे विश्वास लगेच परत मिळावा, हाही एक अहंकारच. दादा मात्र ग्रुपवर आलाय. रोज सकाळी सगळ्यांना "राम कृष्ण हरी"चा व्हॉइस मेसेज पाठवतो, आणि कुणाचा वाढदिवस असला तर वारासकट सांगतो.

आजचा संकल्प

१. "मतिमंद", "येडा", "मंद" हे शब्द गमतीतसुद्धा वापरणार नाही. दुसऱ्याने वापरले तर हसणार नाही, आणि शांतपणे एकदा सांगेन.

२. समोर माणूस असताना त्याच्याबद्दल त्याच्या आईला विचारणार नाही. त्याच्याशीच बोलेन, आणि उत्तराला वेळ देईन.

३. मोठ्या माणसाला "बाळ" किंवा "देवाचं लेकरू" म्हणून लहान करणार नाही.

४. आपल्या मंडळात अशा एकाला तरी जागा देईन. बघायला नाही, काम करायला : टाळ, प्रसाद, सतरंज्या, जे त्याला आवडेल ते.

५. एका व्यक्तीचा वाढदिवस लक्षात ठेवेन. (दादाचा आता पाठ आहे.)

आजची प्रार्थना

माऊली, दया करण्याआधी आम्हाला मित्र व्हायला शिकव. ज्यांची लय आमच्यापेक्षा वेगळी आहे, त्यांच्यासाठी आमचा ठेका थोडा सैल होऊ दे. आणि आमच्या जिभेने कुणा आईला हरिपाठातून उठून जावं लागू नये, एवढं सांभाळ.

उद्या पुढचा, चौदावा श्लोक बघू. तोवर कमेंटमध्ये नको, घरी एखाद्या दादाला फोन करून "येतोस का?" विचारा.

रामकृष्णहरी!