घर कुठे बांधायचं? एक साधं गणित

एस्टिमेटिंगमध्ये आपण चिरा, सिमेंट, सळई, मजुरी सगळं मोजतो. पण त्या घरातून रोज कामावर जायला लागणारा वेळ मोजत नाही. आमच्या घरी सध्या हाच प्रश्न आहे. बाबांची नोकरी रत्नागिरीत, अजून १२ वर्षं. घर शहरात बांधायचं की पावसला? मी मांडलेलं गणित असं. रकमा धरून चाललोय, तुम्ही आपापल्या घाला.

१. बचत : पावसला जागा स्वस्त. चिरा जवळच्या खाणीतून आला तर ट्रकचं भाडंही कमी. धरू ४ लाख रुपये.

२. भाडं : अंतर सुमारे १८ किलोमीटर. जाऊन-येऊन एसटीचे ६० रुपये धरू. वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२ वर्षांत २ लाख १६ हजार. उरले १ लाख ८४ हजार.

३. वेळ : स्टॉपवर उभं राहणं धरून रोज दीड तास. १२ वर्षांत ५,४०० तास, म्हणजे अख्खे २२५ दिवस-रात्र!

आता भागाकार करा. बाबांच्या एका तासाला मिळाले ३४ रुपये. तेवढ्यात तो तास विकायचा का, हे बाबांनीच ठरवायचं.

पण तेच घर माझ्यासाठी बघा. मी ३० वर्षं जा-ये केली तर भाडंच ५ लाख ४० हजार, म्हणजे चक्क तोटा! उलट दिवसभर घरी असणाऱ्या आजीला अंगण, विहीर सगळं फुकट.

थोडक्यात, स्क्वेअर फुटाचा रेट विचारण्याआधी घरातली माणसं मोजा : रोज कोण बाहेर जाणार, आणि किती वर्षं?